मॉस बॉल एका बाजूने तपकिरी पडलाय, मुंबईच्या उकाड्यात हा जगतो तरी का?

मधली_सुट्टी | १२ मे, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं नुसती वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे दोन फुटी टँक आहे. मुलुंड, तिसरा मजला, हॉलच्या खिडकीला लागून. त्यात आठ गप्पी (महिन्यापूर्वी सहा होते, गप्पीवाल्यांना कळेल) हे मासे आणि दोन मॉस बॉल, म्हणजे पाण्यात ठेवायचे ते हिरवे मखमली जिवंत गोळे. मोठा लेकीच्या वाढदिवसाला दुकानातून आणला, त्याचं नाव लाडू. छोटा ऑनलाइन मागवला, लिंबाएवढा, तो पेढा. लाडू एकदम मजेत आहे, पोपटी, झिपऱ्या सुटल्यात नुसत्या, दोनदा कात्रीने भादरलाय मी त्याला. पेढा आला तेव्हा गडद हिरवा आणि मखमली होता, वाढत मात्र काहीच नव्हता, आहे तेवढाच.

तर सुट्टीत दहा दिवस चिपळूणला माहेरी गेलो होतो, शेजारच्या काकूंकडे चावी दिलेली, एक दिवसाआड चिमूटभर खाणं टाकायला. परत येऊन बघते तर पेढ्याची खिडकीकडची बाजू चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाची. हात लावला तर थोडे तंतू बोटाला चिकटून आले. वास नाहीये.

काय करू? खत घालू का? उन्हात ठेवू का? नवरा म्हणतो शेवाळाचा गोळा तो, फेक आणि दुसरा आण. लेक (नववीत गेली) दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये कारण चिपळूणचा प्लॅन माझा होता.

भाऊचा_धक्का | १२ मे, रात्री ११.०५

पेढा टाकवत नाही हो ताई. माहितीतलं काही नाही माझ्याकडे पण धागा वाचतोय.

काचपेटी | १२ मे, रात्री ११.३०

आधी उत्तरं द्या मग औषध सांगतो.
पाण्याचं तापमान किती, दुपारी तीन वाजता मोजलेलं, अंदाजे नको. थेट ऊन येतं का, कधी आणि किती वेळ. पाणी नळाचं, टँकरचं की बोअरचं. टँकमध्ये मासे सोडून गेल्या महिन्यात काय काय टाकलं, एकूण एक.

खत घालू नका. उन्हात तर मुळीच ठेवू नका.

मधली_सुट्टी | १३ मे, संध्या. ७.१५

काचपेटीदादा, थर्मामीटर नव्हता, आज आणला. तीन वाजता ३१.५ (!!) आणि सकाळी सात वाजता २९.
ऊन – खिडकी पश्चिमेची, चार ते साडेपाच टँकच्या डाव्या कोपऱ्यावर पडतं, पेढा तिथेच असतो. एरवी पडदा ओढते पण आम्ही नव्हतो ना.
पाणी नळाचं, बादलीत रात्रभर ठेवून मग घालते. टाकलं काही नाही, फक्त खाणं.

काचपेटी | १३ मे, रात्री ९.५०

मग अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत.

हा थंड पाण्यातला जीव आहे. २५ च्या खाली खूश, २६-२७ ला चालवून घेतो, त्याच्या वर दिवसेंदिवस राहिला की हळूहळू मान टाकतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत टँक २३-२४ ला येतो तेव्हा त्याचे दिवस. मार्च ते जून नुसतं तग धरणं. मी गिरगावात चाळीत राहतो, पत्रा वर, माझा टँक एका मे महिन्यात ३३ ला गेलेला. तेव्हा मासे वाचले, मॉस बॉल गेले, तीनच्या तीन. तेव्हापासून शिकलो.

दुसरं म्हणजे ऊन. हा मुळात तळ्याच्या तळाशी, अंधुक उजेडात राहणारा. घरातला साधा ट्यूबलाइटचा उजेड त्याला पुरतो. थेट उन्हात एक तर पांढरट पडतो नाहीतर तपकिरी. तुमची खिडकीकडचीच बाजू गेली, यात सगळं आलं.

आता करायचं काय, तर टँकमधलंच पाणी टोपात काढा, त्यात पेढा धरून हलक्या हाताने पिळा, स्पंज पिळतो तसा, पण कपडा पिळल्यासारखा पीळ नाही द्यायचा. घाण पाणी निघेल. दोन-तीनदा करा, पाणी बदलत. मग तळव्यांत घेऊन लाडू वळतो तसा वळा. तपकिरी भाग मऊ, गिळगिळीत असेल आणि वास येत असेल तर कात्रीने तेवढा कापून टाका, नुसता रंग गेला असेल तर राहू द्या. आतले तंतू जिवंत असतात, उजेड लागला की परत कामाला लागतात.

कोलंबी_मसाला | १३ मे, रात्री १०.२२

+१ काचपेटी.

मी ठाण्यात चेरी श्रिंप (टँकमध्ये पाळायच्या इवल्या कोलंब्या) पाळतो, त्यांनाही ही गरमी सोसत नाही म्हणून सगळे उपाय करून झालेत. (आयडीवर जाऊ नका, पाळतो त्या खात नाही.) टँकचं झाकण काढून छोटा टेबलफॅन तिरका पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, पाण्याची वाफ होते, दोनेक डिग्री उतरतात. मे अखेरीला हवाच इतकी दमट होते की वाफ होत नाही आणि फॅनचा काही उपयोग राहत नाही हे पण सांगून ठेवतो. शिवाय रोज तांब्याभर पाणी उडतं ते भरायला लागतं. बर्फाची बाटली तरंगत ठेवणारे आहेत पण गप्पी असतील तर नका करू, तापमान खालीवर खालीवर झालं की मासे आजारी. पाणी थंड करणारं यंत्र, चिलर, मिळतो, पण त्याची किंमत ऐकून तुमचे मिस्टर तुम्हालाच तळ्यात सोडतील.

सर्वात सोपं म्हणजे मॉस बॉल बरणीत घालून फ्रीजमध्ये.

मधली_सुट्टी | १३ मे, रात्री १०.३०

फ्रीजमध्ये??? जिवंत आहे ना तो?

कोलंबी_मसाला | १३ मे, रात्री १०.४१

हो, फ्रीजमध्येच. रुंद तोंडाची काचेची बरणी, टँकचंच पाणी, खालच्या कप्प्यात. फ्रीझरला चिकटवू नका, गोठायला नको. अंधारात दोन-तीन आठवडे आरामात राहतो. आठवड्यातून एकदा पाणी बदला. लोणच्याची बरणी वापरलीत तर गरम पाण्याने दहा वेळा धुवा, साबण नको.

होक्काइदो_व्हाया_डोंबिवली | १४ मे, सकाळी ६.५८

फ्रीजवरून आठवलं. कामानिमित्त दोन वर्षं होक्काइदोत होतो, आकान सरोवर बघून आलोय. हे गोळे तिथे होतात, जपानीत मारिमो म्हणतात, मारि म्हणजे चेंडू आणि मो म्हणजे पाण्यातली वनस्पती. ते अख्खं सरोवर हिवाळ्यात गोठतं, आम्ही त्यावर चालत गेलोय आणि खाली हे गोळे मजेत असतात. तेव्हा तुमच्या फ्रीजची थंडी म्हणजे त्यांच्यासाठी काहीच नाही.

उन्हाळ्यात बोटीने चुरुई नावाच्या छोट्या बेटावर नेतात, तिथे मोठमोठ्या काचेच्या टाक्यांत मारिमो ठेवलेत. २०-३० सेंटिमीटरचे असतात हो, आपल्या मध्यम कलिंगडाएवढे! १९५२ पासून जपानमध्ये त्यांना विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे, सरोवरातून एक उचललात तर गुन्हा. मग तिथल्या दुकानांत बाटल्यांतून जे विकतात ते काय, तर दुसरीकडचे सुटे तंतू आणून हाताने वळलेले. म्हणजे बायकांनी बसून लाडू वळावेत तसंच.

ऑक्टोबरमध्ये उत्सव असतो, १९५० पासून चालू आहे, तिथले मूळ रहिवासी ऐनू लोक पारंपरिक कपड्यांत मारिमो परत सरोवरात सोडतात. मला एकदम आपलं विसर्जन आठवलं होतं, फक्त ढोल नाहीत.

भाऊचा_धक्का | १४ मे, सकाळी ९.१०

कलिंगडाएवढा शेवाळाचा गोळा. आमच्या सोसायटीच्या टाकीत शोधला तर मिळेल.

बोटॅनीवाली | १४ मे, दुपारी १.३५

भाऊ, विनोद केलात पण नकळत बरोबर बोललात, आणि मधली_सुट्टी, तुमचे यजमान तर अगदीच बरोबर बोललेत. तो शेवाळाचाच गोळा आहे. मॉस बॉलमध्ये मॉस नसतं.

बत्तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलंय तेव्हा थोडं लांबेल, चालवून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे दोन प्रकारची हिरवळ धरते. कंपाउंडच्या भिंतीवर जी हिरवी मखमल येते, नख लावलं तर चादरीसारखी सुटते, नीट बघितलं तर बारीक बारीक पानं दिसतात, ते मॉस. आणि गच्चीवर जिच्यावरून पाय घसरतो ती बुळबुळीत हिरवळ, तिला पान नाही, खोड नाही, ते शैवाल. आपण बोलताना दोन्हीला शेवाळच म्हणतो. लेकीला विचारा, नववीच्या विज्ञानात वनस्पतींचे वर्गीकरण आहे, थॅलोफायटात स्पायरोगायरा आणि ब्रायोफायटात फ्युनारिया. तुमचा पेढा स्पायरोगायराच्या बाजूचा, हिरवं तंतुमय शैवाल. शास्त्रीय नाव एगाग्रोपिला लिनेई. जुन्या पुस्तकांत क्लॅडोफोरा म्हणून सापडेल. एगाग्रोपिला म्हणजे काय ठाऊक आहे? रानबकरी स्वतःचं अंग चाटते, ते केस पोटात जाऊन त्यांचा जो गोळा होतो, तो. नाव ठेवणाऱ्याने काय हुबेहूब ठेवलंय!

आणि त्याच्या आत बी नाही की दगड नाही. नुसते तंतू, मधून बाहेर सगळीकडे. तळ्यात लाटांनी तळाशी गडगडत राहतो म्हणून गोल, घरात लाटा नाहीत म्हणून आपण अधूनमधून वळायचा, नाहीतर एकाच बाजूवर बसून पोळीसारखा चपटा होतो. वर्षाला साधारण ५ मिलिमीटर वाढतो. हाताने वळलेला नसेल तर ४ सेंटिमीटरचा पेढा आठेक वर्षांचा धरा, तुमच्या लेकीच्या निम्म्याहून मोठा.

आता माझा प्रश्न. लाडूला तुम्ही दोनदा कात्री लावलीत म्हणता. वर्षाला ५ मिलिमीटर वाढणाऱ्याला कात्री कशाला लागेल? भिंग आहे का घरात? लाडूची एक झिपरी तोडून भिंगाखाली बघा आणि पानं दिसतात का सांगा.

लोकल_प्रवासी | १४ मे, दुपारी २.००

हा धागा सीआयडी होत चाललाय. दया, लाडू तोडो.

मधली_सुट्टी | १४ मे, रात्री ९.२०

मॅडम!!!!

लेकीचं स्टॅम्प कलेक्शनचं भिंग काढलं. झिपरी पांढऱ्या बशीत ठेवली. पानं. चक्क पानं, इवलीशी, टोकदार, देठाच्या दोन्ही बाजूंना ओळीने, कढीपत्त्याची डहाळी कुणीतरी शंभरपट लहान केल्यासारखी. पेढ्याचा तंतू ठेवला तर नुसता धागा, फाटे फुटलेला, पान औषधालाही नाही.

मग लेक म्हणाली आई उघडूया. लाडू परातीत ठेवून बोटांनी झिपऱ्या बाजूला केल्या तर आत काळा स्पंजचा गोळा, पिंगपाँगच्या चेंडूएवढा, आणि त्याच्यावर नायलॉनचा दोरा गरागरा गुंडाळलेला, तीस-चाळीस वेढे तरी असतील, एवढ्या सफाईने की बाहेरून काही कळू नये. तीनशे रुपये मोजलेत मी ह्याचे, पेढा एकशे ऐंशीचा!

भाऊचा_धक्का | १४ मे, रात्री ९.३३

तो दोरा म्हणजे आमचा तंगूस, गळाला लावतो तो. मच्छीच्या धंद्यातला माल कुठे कुठे जातो बघा.

बोटॅनीवाली | १४ मे, रात्री ९.५२

जावा मॉस. टॅक्सिफायलम बार्बिएरी. वाईट वाटून घेऊ नका, तो मॉसच आहे, अगदी खरा. म्हणजे तुमच्याकडे जो खोटा मॉस बॉल आहे त्यात खरं मॉस आहे आणि जो खरा मॉस बॉल आहे त्यात मॉसच नाही. वर्गात हे उदाहरण मिळालं असतं तर!

काचपेटी | १४ मे, रात्री १०.१५

बाजारात निम्मे असेच मिळतात. स्पंजवर, जाळीवर, नारळाच्या काथ्यावर मॉस बांधलेलं. काही तर सरळ प्लास्टिकचे. जावा मॉस आपल्या उकाड्यात छान जगतं म्हणून दुकानदाराला ते परवडतं, मेलेला माल पडून राहत नाही. नवशिक्याला मी उलट तेच घ्या म्हणतो, फक्त जे आहे ते नाव सांगून विका.

घेताना ओळखायचं कसं तर पाण्याखाली दाबून बघा, खरा सगळीकडून सारखा दबतो, मधे टणक काही लागत नाही. हाताला किंचित खरखरीत, जाड लोकरीसारखा. हवा असली तर तरंगतो पण पाण्याखाली पिळल्यावर खाली बसतो. सगळे अगदी एका मापाचे, चकचकीत पोपटी दिसले तर संशय घ्या.

पण मधली_सुट्टी, एक गोष्ट मला अजून खटकतेय. ऊन दीड तास, गरमी दहा दिवस, एवढ्याने तंतू सुटून बोटाला येत नाहीत. रंग जातो फक्त. पाण्यात आणखी काहीतरी पडलंय. घरात सगळ्यांना विचारा.

मधली_सुट्टी | १५ मे, रात्री ८.०५

विचारलं.

नवरा आधी नाही म्हणाला. मग लेकीने टँकखालच्या कप्प्यातून छोटी निळी बाटली काढून टेबलावर ठेवली. चिपळूणला निघायच्या आदल्या रात्री काचेवर हिरवं धरलेलं दिसलं म्हणून साहेबांनी त्यातले थेंब टाकले, "आपण नाहीये तर काच तरी साफ राहील". बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, शेवाळाचा नायनाट.

म्हणजे हाच माणूस म्हणतो शेवाळाचा गोळा तो, आणि हाच माणूस शेवाळाचं औषध टाकतो.

त्याचं म्हणणं, पाकिटावर मॉस लिहिलं होतं ना, मग शेवाळाच्या औषधाने मॉसला काय होणार. आता ह्याला काय उत्तर देऊ.

लोकल_प्रवासी | १५ मे, रात्री ८.१२

साहेबांचा मुद्दा तर्काला धरून आहे. मी त्यांच्या बाजूने.

काचपेटी | १५ मे, रात्री ८.४०

वाटलंच होतं. त्या बाटल्यांत बऱ्याचदा तांब्याचे क्षार असतात, शैवाल मारायचंच काम त्यांचं, ते गोळा आणि काचेवरचा थर यात फरक करत नाहीत. गोगलगाय मारायच्या औषधातही तेच. काही औषधांनी जावा मॉसही पिवळं पडतं, तुमचा लाडू वाचला ते नशीब.

आज ३०-४० टक्के पाणी बदला, परवा परत तेवढंच, असं चार वेळा. फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी घाला आठवडाभर. पेढा आजच टँकमधून बाहेर, दुसऱ्या स्वच्छ पाण्यात. म्हणजे तुमची ती फ्रीजची बरणी, पण पाणी टँकचं नको, चोवीस तास ठेवलेलं नळाचं घ्या. आपलं तानसा-वैतरणेचं पाणी मऊ असतं, चांगलं आहे त्याला. क्लोरीन तेवढं उडू द्या. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला तर अँटीक्लोरीनचे थेंब टाका, नुसतं ठेवण्यावर भागवू नका.

कोलंबी_मसाला | १५ मे, रात्री ९.०१

देवा. बरं झालं श्रिंप नव्हत्या त्या टँकमध्ये. तांबं पडलं की माशांच्या आधी श्रिंप उताण्या.

बरणीत चिमूटभर खडेमीठ टाका, तपकिरी भाग लवकर भरून येतो, माझा अनुभव.

काचपेटी | १५ मे, रात्री ९.१८

मीठ आत्ता नको. आधीच औषधाने पोळलाय, एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. हा जीव थोडं खारं पाणी सहन करतो हे मान्य. पण सहन करतो म्हणजे गरज आहे असं नाही.

कोलंबी_मसाला | १५ मे, रात्री ९.२६

माझे दोन मिठानेच हिरवे झाले दादा.

काचपेटी | १५ मे, रात्री ९.३१

की पिळून, थंड पाण्यात, सावलीत ठेवल्याने झाले आणि मीठ सोबतीला होतं?

कोलंबी_मसाला | १५ मे, रात्री ९.४०

…बघू. पुढच्या वेळी एकाला मीठ, एकाला नाही.

सावली_हवी | १७ मे, दुपारी १२.१०

छान धागा. मला पण घ्यायचाय, ऑफिसच्या टेबलावर, एसी दिवसभर असतो. नुसत्या काचेच्या बाटलीत, मासे नाहीत, चालेल का? आणि गोल्डफिशबरोबर ठेवता येतो का, घरी दोन आहेत.

कोलंबी_मसाला | १७ मे, दुपारी १२.४५

ऑफिसात उत्तम, मुंबईत याच्याइतकी चांगली जागा नाही. दोन आठवड्यांनी पाणी बदला, खिडकीपासून लांब. शनिवार-रविवार एसी बंद असला तरी दोन दिवसांनी काही होत नाही.

गोल्डफिशबरोबर अजिबात नको, चिवड्यासारखा कुरतडतात. मोठा प्लेको (काच चाटणारा मासा) पण विस्कटतो. बेटा मासा (फायटर), गप्पी, श्रिंप चालतात. श्रिंप तर त्याच्यावर बसून अडकलेला कचरा निवडून खातात, साफसफाई फुकट.

होक्काइदो_व्हाया_डोंबिवली | १७ मे, रात्री १०.३०

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी एक. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत दुकानांतल्या मॉस बॉलमध्ये झेब्रा मसल सापडले होते, नखाएवढे पट्टेदार शिंपले. ते तळ्यात गेले की पाइप बंद करेपर्यंत वाढतात. तिथल्या सरकारने लोकांना सांगितलं की हे गोळे तसेच फेकू नका, आधी उकळा नाहीतर गोठवा, मग कचऱ्यात. बाहेरून आलेला गोळा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवून, पिळून, तळाशी काय पडतं ते बघावं. मेलेला असला तरी तळ्यात किंवा नाल्यात टाकू नये.

बोटॅनीवाली | १७ मे, रात्री १०.५५

फार महत्त्वाचं. कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर पवई तलावावर एक चक्कर मारून या. ती जलपर्णी, फुलं सुंदर दिसतात म्हणून दक्षिण अमेरिकेतून जगभर नेली गेली. आता यंत्रं लावून काढतात आणि काढून संपत नाही.

मधली_सुट्टी | २९ मे, रात्री ९.४५

अपडेट द्यायचा राहिला. पेढा १५ तारखेपासून फ्रीजमध्ये, दर चार दिवसांनी पाणी बदलतेय. पहिल्या वेळी पिळला तर पाणी चहासारखं निघालं, दुसऱ्या वेळी फिकट, आज जवळजवळ स्वच्छ. एका जागी करंगळीच्या टोकाएवढं काळपट आणि मऊ झालेलं, वास पण थोडा, ते कापलं. तंतू सुटायचे थांबलेत.

आता खरी गंमत. बरणीवर लेकीने लेबल लावलं होतं, "पेढा". परवा सासूबाईंच्या भिशीच्या मैत्रिणी आल्या, मी शाळेत. सासूबाईंनी फ्रीज उघडला, लेबल वाचलं, चष्मा नव्हता, बरणी बशीसकट बाहेर. झाकण काढल्यावर त्यांच्या एका मैत्रिणीने विचारलं म्हणे, "अगं हे हरा भरा कबाब पाण्यात का ठेवलेत?"

भाऊचा_धक्का | २९ मे, रात्री ९.५२

चव कशी होती ते लिहा.

मधली_सुट्टी | २९ मे, रात्री ९.५८

वाचला हो. पण तासभर बाहेर राहिला ओट्यावर. सासूबाईंनी परत ठेवला तेव्हा पाण्यात खडीसाखरेचा एक खडा सापडला, तो कुणी टाकला ते कुणीच कबूल करत नाहीये. पाणी बदललं.

बोटॅनीवाली | ३० मे, सकाळी ७.४०

लेकीसाठी एक प्रयोग, पाऊस सुरू होऊन टँक थंडावला की करा. रात्रभर अंधारात ठेवलेला गोळा सकाळी चांगल्या उजेडात, पण उन्हात नाही, ठेवायचा आणि बघत बसायचं. प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजनचे बुडबुडे तंतूंत अडकतात आणि गोळा वर येतो. रात्री परत खाली बसतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की यामागे बुडबुडे तर आहेतच, शिवाय त्याचं स्वतःचं दिवसरात्रीचं घड्याळही आहे. मेंदू नाही, मूळ नाही, पान नाही, पण सकाळ झाली ते कळतं.

लोकल_प्रवासी | ३० मे, सकाळी ८.२०

माझ्याकडे तिन्ही नाहीत असं बायको म्हणते, आणि सकाळ झालेली कळत पण नाही. (८.०४ ची गेली.)

मधली_सुट्टी | १९ जुलै, रात्री ८.३०

पाऊस जोरात, टँक सकाळी २६.५. पेढा महिन्याभरापूर्वी बाहेर काढला, आता उजव्या कोपऱ्यात असतो, तिथे ऊन पोचत नाही. तपकिरी बाजूवर हिरवे ठिपके यायला लागलेत, भिंगातून स्पष्ट दिसतात, मेलेल्या तंतूंच्या मधून नवीन गडद हिरवी टोकं. खाली बसलेली बाजू दर रविवारी लेक फिरवते. प्रयोग पण केला, वर आला तो! साडेनऊला काठाला आणि अकराला चक्क पृष्ठभागावर, बुडबुडे सगळीकडे मोत्यासारखे. ती शाळेला उशीर करून बसली होती, मी शिक्षिका असून काही बोलले नाही.

लाडूचा नायलॉन आणि स्पंज काढून टाकला, मॉस एका दगडावर कापसाच्या दोऱ्याने बांधलं. गप्पींची पिल्लं त्यातच लपतात. गप्पी आता एकोणीस.

निळी बाटली नवऱ्याने स्वतःहून काढली. काच तो आता जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो.

कोलंबी_मसाला | १९ जुलै, रात्री ९.००

भारी! माझा मिठाचा प्रयोगही झाला. सहा आठवडे, एक मिठात, एक साध्यात, दोन्ही फ्रीजमध्ये. दोन्ही सारखेच हिरवे. काचपेटीदादा, घ्या.

काचपेटी | १९ जुलै, रात्री ९.४५

घेतलं. तुमच्याकडून एक वडापाव.

मधली_सुट्टी | ८ सप्टेंबर, रात्री १०.१०

परवा गणपतीला कोकणकन्येने निघतोय, ठाण्याहून, या वेळी बारा दिवस. पडदा ओढून त्याला खालून क्लिपा लावल्यात. गप्पींचं खाणं बारा पुड्यांत बांधून काकूंकडे दिलं. पेढ्याला लेकीने आज व्हर्नियरने मोजलं, ४१ मिमी, वहीत तारीख घातली. चार दिवसांपासून उकडतंय परत, सप्टेंबर तो, म्हणून पेढा पुन्हा बरणीत, खालच्या कप्प्यात.

काकूंकडे चावी म्हणजे फ्रीजमधलं दूध, भाजी त्याच घेऊन जाणार, आणि गणपतीत घरात पाहुणे. म्हणून नवीन लेबल लावलंय, या वेळी सासूबाईंनी स्वतः मार्करने लिहिलं, चष्मा लावून:

"पेढा. खाऊ नये. शेवाळ आहे."